वरच्या खोलीचा ठराव

रविवारी दुपारची जेवणं उरकली, टेबल पुसून झालं, आणि अध्यक्षांनी चमच्याने पाण्याच्या ग्लासवर टकटक केलं. म्हणजे सभा सुरू झाली.

घरातल्या घरात अध्यक्ष असणं बाहेरच्याला विनोदी वाटेल, पण इथे तो विनोद केव्हाच मुरून नियम झाला होता. घरातल्या थोरल्या सासूबाईंना मुलं, नात, नातजावई, पोस्टमन, सगळेच अध्यक्ष म्हणत. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. लग्न झालं की मुलीला नोकरीवरून काढायचं, हा तिथला नियम त्यांनी बरोबरीच्या मुलींना घेऊन, कानावरचे हेडफोन काढून खाली ठेवून, मोडून काढला होता. जिंकून घरी आल्या तर इथे जुनंच सरकार चालू: सासरे आणि दीर टेबलाशी बसून ठरवतात, बायका दाराआड उभ्या राहून ऐकतात. तेव्हा त्यांनी घरालाही कायदा लावला. निर्णय मताने. घरातल्या प्रत्येक बाईला एक मत, आणि सगळ्या पुरुषांना मिळून एक. पुरुषांचं आपसात जमलं नाही तर तेही बाद.

"इतके दिवस सगळी मतं तुमची होती आणि आम्हाला शून्य," त्यांनी सासऱ्यांना सुनावलं होतं. "मी तर तुम्हाला एक देते आहे."

कायदा नातीपर्यंत टिकला. फक्त त्याला एक बारीकशी रीत कधी येऊन चिकटली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. चर्चा झाली की मतदानाआधी कॉफी, आणि कॉफी करायला सूनबाई आत.

सूनबाई म्हणजे अध्यक्षांच्या मुलाची बायको. लग्नाला तीस वर्षं झाली, तिला स्वतःला जावई आला, तरी या घरात ती सूनबाईच. तिचा धंदा दातांचा. डॉक्टर तोंडाचं माप घेत आणि ती त्या मापावरून कवळ्या बनवायची. प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचा, मग मोटरवर घासून चकचकीत करायचं. हे सगळं स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात, खिडकीखालच्या फळीवर. घरात कुणाच्या सूपमध्ये पांढरी पूड सापडली की ती सूनबाईची, हे विचारावंही लागत नसे. खुद्द अध्यक्षांची वरची कवळी तिच्या हातची होती. स्त्रीमुक्तीवरची त्यांची अलीकडची सगळी भाषणं सुनेने बसवलेल्या दातांमधून बाहेर पडली होती, आणि टाळ्या मात्र एकट्या अध्यक्षांना मिळाल्या होत्या.

आज ठरायचं होतं वरच्या खोलीचं. तिथे भाड्याने राहणाऱ्या व्हायोलिनच्या शिक्षिका बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या आणि मोठ्या खिडकीची, कोपऱ्यात बेसिन असलेली ती खोली रिकामी झाली. तेव्हापासून सूनबाईला दुसरं काही सुचत नव्हतं. ज्या दवाखान्याचं काम तिच्याकडे सगळ्यात जास्त यायचं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून सांगितलं होतं, "स्वयंपाकघरात केलेली कवळी यापुढे मला घेता येणार नाही. वेगळी खोली दाखवा. बुधवारी मी बघायला येते. नाहीतर काम मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावं लागेल. मला वाईट वाटतं हो." वाईट त्यांना खरंच वाटत होतं. पण दुसऱ्याला वाईट वाटून आपल्याला खोली मिळत नाही.

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. नवरा बँकेत हिशेबतपासनीस. तो म्हणाला, "मांड ना सभेत. मी तर नेहमीच म्हणतो, तुला हवं ते कर." हे वाक्य तो लग्नापासून म्हणत आला होता. ते म्हणायला त्याला खुर्चीवरून उठावं लागत नसे.

"विषय एकच," अध्यक्ष म्हणाल्या. "वरची खोली. माझं म्हणणं, तिथे आमच्या लढ्याचं दालन करावं. फोटो आहेत, फलक आहेत, तो हेडफोन आहे. आजच्या मुलींना वाटतं, सगळं आभाळातून पडलं."

"आई, ते बघायला येणार कोण?" नणंदबाईंनी विचारलं. त्या एका मोठ्या कंपनीत माणसं नेमण्याच्या आणि काढण्याच्या खात्यावर होत्या, आणि घरातही त्यांच्यासमोर बसलं की आपली मुलाखत चालली आहे असं वाटायचं. "फोटो बघून कुणाला बढती मिळत नाही. मला ती खोली वर्गांसाठी हवी आहे. बायकांना मी बैठकीत वागायला शिकवते. आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा, माफी मागून वाक्य सुरू करायचं नाही, आणि कुणी टिपणं काढायला सांगितली तर पेन नाही म्हणायचं."

"मग टिपणं काढायची कुणी?" सूनबाईच्या नवऱ्याने विचारलं.

"त्याची काळजी बायकांनी का करावी?"

"आत्या, तू बायकांना पुरुष व्हायला शिकवतेस," सूनबाईची लेक म्हणाली. ती कार्यशाळा घ्यायची, मुलाखती ध्वनिमुद्रित करायची, आणि साध्या गोष्टींना तिच्याजवळ फार सुंदर नावं होती. "मला वर ऐकण्याचं वर्तुळ सुरू करायचंय. बायका येतील, गोल करून बसतील. एकजण बोलेल, बाकीच्या नुसत्या ऐकतील. कुणी मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बाईचं कुणी ऐकूनच घेत नाही, हा मूळ प्रश्न आहे."

"मला त्या खोलीबद्दल जरा..." सूनबाई म्हणाली.

"आई, एक मिनिट. माझं संपू दे," लेक म्हणाली, आणि ऐकण्याचं महत्त्व पुढे समजावून सांगू लागली.

"मी यात बोलणं बरोबर नाही," जावईबापू म्हणाले आणि बराच वेळ बोलले. ते इमारतींचे आराखडे काढायचे आणि स्वतःला स्त्रियांचा मित्रपक्ष म्हणवून घ्यायचे. आठवड्यातून एकदा ते सूप करत. त्या सूपचे फोटो दूरदूरच्या लोकांनी पाहिले होते. नंतरची भांडी फक्त सूनबाईने पाहिली होती.

बोलता बोलता लेकीने दुसरंच खुसपट काढलं. "आणि आजी, सगळ्या पुरुषांना मिळून एक मत, हे मला पटत नाही. समानता म्हणजे समानता."

"समानता आली की मला कळव," अध्यक्ष म्हणाल्या. "तोवर एकच."

"मला अर्धंसुद्धा नको," जावईबापू नम्रपणे म्हणाले.

"मग अख्खं तुझ्या सासऱ्याला जाईल. एका पुरुषाला अख्खं मत द्यायला मी अजून तयार नाही."

सूनबाईने खुर्ची थोडी पुढे ओढली. "आई, मला त्या खोलीचं..."

"हो, बोलू या की," अध्यक्ष मायेने म्हणाल्या. "आधी कॉफी होऊ दे. घसा सुकला बोलून बोलून."

आपण उठलो आहोत हे सूनबाईला स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर कळलं. पाय आपले आपण निघाले होते. तिने पाणी ठेवलं, कप काढले, आणि दार उघडंच असल्यामुळे बाहेरचं सगळं तिला स्पष्ट ऐकू येत राहिलं.

"कॉफी येईपर्यंत मतं घेऊन टाकू," अध्यक्ष म्हणाल्या. "दालनाला माझं एक आणि सूनबाईचं एक. दोन."

"वर्गांना माझं आणि वहिनीचं," नणंदबाई म्हणाल्या. "दोन."

"वर्तुळाला मी आणि आई," लेक म्हणाली. "दोन. शिवाय पुरुषांचं. बाबा?"

"मी तटस्थ."

"तटस्थ म्हणजे हरकत नाही. तीन. झालं, खोली माझी."

मग नवऱ्याचा आवाज आला. आकड्यांत गडबड दिसली की त्याच्या आवाजात जी हुशारी यायची, ती आली होती. "एकूण सात झाली."

"मग?"

"या घरात मतं पाच आहेत."

"तुझी बेरीज चुकली असेल."

"बेरीज माझी चुकत नाही, आई. मतं चुकली आहेत."

त्यावर टेबलाभोवती जो गदारोळ उठला, त्यात ऐकण्याचं वर्तुळही सामील होतं. "सूनबाईचं मत पहिल्यापासून माझ्याकडे असतं," अध्यक्ष म्हणाल्या. "ती कधी नाही म्हणाली आहे का?" नणंदबाई म्हणाल्या की वर्ग चांगले आहेत असं वहिनी परवाच म्हणाली, आणि त्यांच्या क्षेत्रात याला होकार म्हणतात. लेकीचा मुद्दा सोपा होता. "तिने मला जन्म दिलाय. मत देणार नाही?"

"एक मिनिट," नवरा म्हणाला. "गेल्या वर्षी गाडी विकली, तेव्हा हिचं मत कुणी धरलं होतं?"

"मी," अध्यक्ष म्हणाल्या.

"मी," नणंदबाई म्हणाल्या.

"मीपण," लेक म्हणाली.

"म्हणजे मागचे सगळेच निकाल..."

"मागचं उकरून काढायचं नाही," अध्यक्ष म्हणाल्या.

सूनबाईला आधी हसू आलं. तिच्या एका मताच्या तिघी मालकिणी होत्या आणि ती स्वतः भिंतीपलीकडे साखर ढवळत उभी होती. एक हाक मारली असती तरी ओ दिली असती. मग हसू ओसरलं आणि राग आला, आणि त्या रागाचं तिला नवल वाटलं, कारण तो कुणा एकीवर धरता येत नव्हता. या घरात तिला कुणी छळलं नव्हतं, टाकून बोललं नव्हतं. उलट तिघीही तिला आपली मानत होत्या, इतकी आपली की विचारायची गरजच कुणाला पडली नव्हती. आणि तिनेही ते चालू दिलं होतं. विचारत नाहीत म्हणून भांडायचं तर आधी बाहेर बसून राहावं लागतं. आत उठून येणं तिला सोपं पडत आलं होतं, हे तिने स्वतःशी कबूल केलं. त्याने राग कमी झाला नाही, वाढलाच.

तिने गॅस बंद केला. फळीवरची मोटर उचलून छातीशी धरली आणि मागच्या दाराने, मागच्या जिन्याने वर गेली. परत आली, प्लास्टरची पिशवी नेली. पुन्हा आली, साच्यांचा ट्रे नेला. बाहेर आवाज चढतच होते. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिघी भांडत होत्या, तेव्हा लाभ जरा मोठा असायला हरकत नव्हती.

वरची खोली चांगली झाडलेली होती. व्हायोलिनच्या बाई एक जड टेबल मागे ठेवून गेल्या होत्या. सूनबाईने ते खिडकीशी ओढलं, त्यावर मोटर ठेवली, वायर भिंतीत खुपसली. उजेड असा पडला होता की हातातल्या अर्धवट कवळीवरचा सूक्ष्म ओरखडासुद्धा दिसत होता. खाली फळीवर तिला तो बोटाने चाचपावा लागायचा. तिला एकदम रडू फुटलं. एवढ्या साध्या उजेडाला आपण इतकी वर्षं लायक नव्हतो का, असं तिच्या मनात आलं. तिने बाहीने डोळे पुसले, पायाखालची कळ दाबली आणि कवळी चाकाला लावली.

डोक्यावर घरघर सुरू झाली तशी खालची सभा गप्प झाली. मग जिन्यावर पावलं वाजली. लेक आली, तिच्यामागे जावईबापू, मग नणंदबाई, मग नवरा. सगळ्यात शेवटी, कठडा धरून, कुणाचा हात न घेता, एकेक पायरी चढत अध्यक्ष आल्या.

"वहिनी, हे काय?"

"काम."

"इथे?"

"इथे." तिने मोटर बंद केली आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं: स्वयंपाकघर चालणार नाही, बुधवारी त्या येणार, नाहीतर काम जाणार. ती बोलत असताना पहिल्यांदाच मध्ये कुणी बोललं नाही, कारण जिना चढून सगळ्यांना धाप लागली होती.

नणंदबाईंचा श्वास आधी जागेवर आला. "अगं, एवढंच होतं तर मला सांगायचं. मी कंपनीत शब्द टाकला असता. मोठा विचार कर, वहिनी. दात कोरून पोट भरत नाही."

"बनवून भरतं, वन्सं. माझं भरलंय."

"आई, मला तुझ्याबद्दल आदर आहे," लेक हळुवारपणे म्हणाली. हा आवाज ती कार्यशाळेत वापरायची. "पण तू स्वतःला विचारलंस का, की ही इच्छा खरंच तुझी आहे? बाईने कामातच स्वतःची किंमत शोधायची, ही सवय तुला लावली गेली आहे."

"कुणी लावली?"

"व्यवस्थेने."

"मग व्यवस्थेलाच सांग, बुधवारी डॉक्टरीणबाईंशी बोल म्हणून."

"मी यात बोलणं बरोबर नाही," जावईबापू म्हणाले, आणि या वेळी खरोखरच पुढे बोलले नाहीत.

"मी तर नेहमीच म्हणतो..." नवऱ्याने सुरुवात केली.

"आज म्हणू नका," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने दोन्ही हात टेबलावर टेकवले. "मी खोली मागत नाहीये. मागायची वेळ होती तेव्हा मी आत होते. आता मी इथे आहे. तेव्हा ठराव असा घ्या: सूनबाईला या खोलीतून बाहेर काढावं. ज्याला पटतं त्याने हात वर करायचा. आणि माझं मत कुणी धरायचं नाही. ते मी विरोधात दिलंय."

सगळ्यांची मोठी पंचाईत झाली. बायकांच्या भल्यासाठी खोली मागणं वेगळं, आणि त्यासाठी समोर उभ्या असलेल्या बाईला बाहेर काढा म्हणून हात वर करणं वेगळं. नणंदबाई बायकांना शिकवायच्या की नजर आधी खाली करायची नाही. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. लेकीने तोंड उघडलं, पण नेमक्या त्या जागी बसेल असा शब्द तिला सापडेना. तिने आईकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी नुसतंच पाहिलं, आणि हात मागे बांधले.

"पुरुषांचं मत बाद धरा," नवरा म्हणाला. "हिच्या विरोधात मला हात उचलायचा नाही. आणि बाजूने उचलायची आज लाज वाटते."

जावईबापूंनी मान हलवली.

तेवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला. चांगला सरळ, कोपर न वाकवता.

"आजी," लेक दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, आईला काय वाटेल?"

"वाटू दे. मला खोली दालनासाठी हवी आहे. सकाळी हवी होती, अजूनही हवी आहे. ती चांगलं काम करते, म्हणून काय मी माझं मत गिळू?" त्या सुनेकडे वळल्या. "तुला दुखवायला नको म्हणून यांनी हात खाली ठेवलेत. तुला न दुखवताच आम्ही सगळ्यांनी तुझं मत खाल्लं. आता तरी मी तुझ्या तोंडावर तुझ्या विरोधात आहे."

सूनबाईला वाईट वाटायला हवं होतं. पण तिचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत सासूबाईंनी तिला जवळ घेतलं होतं, तिचं कौतुक केलं होतं, आजारपणात तिच्या उशाशी बसल्या होत्या. समोर उभं मात्र आज केलं होतं. विरोध करायला पलीकडे एक पुरं माणूस लागतं, आणि ते माणूस आपण आहोत, हे तिला सासूबाईंच्या त्या वर गेलेल्या हातावरून कळलं.

"ठरावाच्या बाजूने एक," ती म्हणाली. "आणखी कुणी?"

कुणी नव्हतं.

"विरोधात एक. माझं."

नवऱ्याने घसा साफ केला. नियम सांगणं त्याच्या रक्तात होतं, आणि या क्षणी ते रक्तात नसतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "बरोबरी झाली. बरोबरी झाली की... आई, अध्यक्षांना एक जादा मत असतं."

सूनबाईने टेबलाची कड घट्ट धरली. आता खाली नेताना आधी ट्रे न्यावा लागेल, साचे अजून ओले आहेत, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

अध्यक्षांचा हात अजून वरच होता. त्यांनी तो सावकाश खाली घेतला आणि भिंतीला टेकल्या. जिना त्यांना भोवला होता.

"जादा मत माझ्याकडे उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं दर सभेला सूनबाईच्या नावाने वापरत आले. ठराव फेटाळला."